बाबांच्या १९९४ च्या बुलेटला लिथियम बॅटरी टाकावी का?

सदाशिव_किक (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी.

घरी १९९४ ची बुलेट ३५० आहे. स्टँडर्ड, कास्ट आयर्न, उजवीकडे गिअर, पॉइंटवाली (म्हणजे स्पार्कची वेळ साधणारे जुने यांत्रिक संपर्क), फक्त किक. बाबांनी घेतली तेव्हा मी बालवाडीत होतो. बाबा आता एकाहत्तरचे आहेत आणि अजूनही रविवारी सकाळी स्वतः किक मारून खडकवासल्यापर्यंत जाऊन येतात. दोन वर्षांपूर्वी गाडी पूर्ण उघडून केली. इंजिन, नवीन वायरिंग, फ्रेमला पावडर कोटिंग, सगळंच.

प्रश्न बॅटरीचा आहे. सध्या ९ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) अ‍ॅसिडवाली आहे आणि गाडी केल्यापासूनची ही दुसरी. दर तीन आठवड्यांनी पाणी घालावं लागतं. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरते. नळीतून बाहेर पडणाऱ्या अ‍ॅसिडने डब्याचा तळ नव्या रंगासकट खाल्लाय, सायलेन्सरच्या क्रोमवर ठिपके पडलेत. परवा डबा पुसायला घेतला तर रंगाचा पापुद्रा फडक्याबरोबर निघून आला आणि खाली नुसता गंज. एवढ्या मायेनं केलेली गाडी, बघवत नाही. टेललाइटचा बल्बही वर्षात तीनदा गेला, पण तो वेगळा विषय.

एका मित्राने लिथियम सुचवली. पाणी नाही, अ‍ॅसिड नाही, वजन जेमतेम एक किलो. किंमत साध्या बॅटरीच्या चौपट-पाचपट, पण ती माझी तयारी आहे. पॉइंटवाल्या जुन्या गाडीत कोणी टाकली आहे का? काही बदल करावे लागतात का?

---

लेहची_वाट
रविवार, दुपारी १:०५

मी इलेक्ट्राला टाकली आहे, तीन वर्षं झाली. सेल्फ एका बोटावर. बिनधास्त टाका.

---

भोसरीकर
रविवार, रात्री ९:४०

सदाशिव, जरा थांबा, बॅटरी मागवू नका अजून.

तुम्ही लिहिलंय, "टेललाइटचा बल्बही वर्षात तीनदा गेला, पण तो वेगळा विषय." मला वाटतं सगळं उत्तर त्याच वाक्यात आहे. पाणी भराभर आटतंय, टर्मिनलला बुरशी येतेय, अ‍ॅसिड बाहेर फेकलं जातंय आणि बल्ब उडतायत. चारही खुणा ओव्हरचार्जिंगच्या आहेत. बॅटरी बिचारी मार खातेय, मारणारा रेग्युलेटर आहे, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज हद्दीत ठेवणारं युनिट.

मी भोसरीत बॅटरी पॅकच्या टेस्टिंगला आहे, दिवसभर हेच बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लीड बॅटरीला जास्त व्होल्टेज दिलं की ती जास्तीचा करंट पाणी फोडण्यात घालवते. हायड्रोजन, ऑक्सिजन वर जातो, पाणी कमी होतं, आपण वरून घालतो. म्हणजे ती रोज थोडी थोडी मरते, पण मरता मरता गाडीतल्या बाकीच्या वस्तू सांभाळते. लिथियम सेलला हे जमत नाही. भरला की भरला. त्यापुढे ढकललं तर सेल बिघडतो. म्हणून पॅकमध्ये बीएमएस नावाचं सर्किट असतं, ते व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की चार्जिंगचा रस्ता बंद करतं. बॅटरी वाचते. पण वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरतोच आहे, आणि त्याचा उपसा करणारी बॅटरी क्षणात नाहीशी झाली. मग ते व्होल्टेज जातं कुठे? बल्बमध्ये, हॉर्नमध्ये, जे काही जोडलेलं असेल त्यात.

तेव्हा आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, तपकीर गल्लीत मिळेल. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावायची. तीन आकडे हवेत: गाडी रात्रभर बंद असतानाचा, आयडलवरचा, आणि दिवे बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर चांगला उचलल्यावरचा. तिसरा आकडा १३.८ ते १४.६ मध्ये हवा. त्याच्या वर असेल तर लिथियमचं नावही काढू नका.

---

ताम्हिणी_रायडर
रविवार, रात्री १०:१५

ताई म्हणतात तसंच माझं झालंय, म्हणून लिहितो.

माझी मॅचिस्मो. हेडलाइटसकट सगळं वायरिंग डीसी करून घेतलेलं. लिथियम टाकली आणि दोन महिने मजेत गेले. मग जुलैतल्या एका रात्री माणगावहून पुण्याला येत होतो. ताम्हिणीत धुकं असं की पुढचं चाक दिसत नव्हतं. चढ संपला, गाडी सलग तासभर पळालेली, बॅटरी पूर्ण भरलेली. अचानक हेडलाइट पांढराफक्क पेटला, इतका की धुक्याची भिंत समोर उभी राहिली, आणि विझला. मागोमाग मीटरचा दिवा आणि टेललाइट. इंजिन चालूच. म्हणजे गाडी चालते आहे, पुढे वळण आहे हे माहीत आहे, आणि काळोख.

ब्रेक दाबत दाबत कडेला घेतली. मागे टेललाइट नाही, म्हणून गाडी रस्त्यापासून पार लांब नेली आणि मोबाइलचा टॉर्च लावून उभा राहिलो. एका टेम्पोवाल्याने पौडपर्यंत आपल्या उजेडात आणलं.

दुसऱ्या दिवशी मोजलं तर वरच्या आरपीएमला १५.४. बॅटरी ठणठणीत होती. तिने स्वतःला वाचवलं. पूर्वी हाच रेग्युलेटर लीड बॅटरीवर दोन वर्षं चालला होता आणि मला पत्ताही लागला नव्हता, फक्त पाणी घालत होतो.

---

कास्टआयर्न
सोमवार, सकाळी ६:३०

भोसरीकरताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी चाळीस वर्षं बुलेट चालवतो आहे, त्यातून थोडं जोडतो.

मल्टिमीटर येईपर्यंत बुलेटवरचा मीटर वाचा. टॉर्चवर, म्हणजे हेडलाइटच्या घरावर, अँपिअर मीटर दिलाय तो शोभेला नाही. किक मारल्यावर काटा प्लसकडे जातो, कारण गेलेला चार्ज भरून निघतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की काटा मध्याच्या जवळ येऊन थोडासा प्लसला बसायला हवा. अर्ध्या तासानंतरही तो प्लसकडेच ताणून उभा असेल तर ओव्हरचार्जिंग नक्की. तुमच्या बाबांना विचारा, काटा कुठे असतो ते ते झोपेतही सांगतील.

दुसरं. लिथियमच का? आजकाल सीलबंद व्हीआरएलए मिळते. पाणी घालायचं नाही, अ‍ॅसिड सांडत नाही, कुठल्याही दुकानात मिळते, जुनी दिली की पैसे वजा होतात. किकच्या गाडीला बॅटरीकडून काय हवं असतं? पॉइंटच्या कॉइलला करंट, हॉर्न, इंडिकेटर. सेल्फ नाही, म्हणजे दणका देणारी ताकद लागतच नाही. रेग्युलेटर बरा करा, व्हीआरएलए टाका आणि विसरून जा. बुलेटमध्ये तीन किलो वाचवून काय करणार!

---

सदाशिव_किक
सोमवार, रात्री ९:५०

काका, बाबांना विचारलं. म्हणाले, "काटा गाडी करून आल्यापासून प्लसलाच असतो, मला वाटलं नवीन वायरिंगमुळे चार्जिंग जोरात आहे." दोन वर्षं ते रोज बघत होते आणि मी विचारलं नव्हतं.

मीटर आज आणला, आकडे हे:
बंद: १२.६
आयडल: १३.१
अ‍ॅक्सिलरेटर उचलून: १५.९

१५.९ बघून मी गाडीच बंद केली.

---

भोसरीकर
सोमवार, रात्री १०:२५

१५.९ वर बॅटरी नुसती उकळते. आता दोन संशयित. एक, रेग्युलेटरचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, फ्रेममार्गे बॅटरीच्या मायनसशी असलेली जोडणी. तुमच्या फ्रेमला पावडर कोटिंग झालंय. तो थर वीज जाऊ देत नाही, आणि गाडी जोडताना बोल्टखालचा रंग खरवडायचा राहून जातो. दोन, खुद्द युनिट.

अर्थ असा तपासा: इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर उचललेला, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं रेग्युलेटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर. ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. जास्त आलं तर रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर ओढा. ही वायर तशीही ओढाच, पावडर कोटिंग केलेल्या प्रत्येक गाडीला हवी.

---

येझदीवाला
मंगळवार, दुपारी २:००

माझी रोडकिंग नाही, तिच्या आधीची येझदी २५०, ६ व्होल्ट, डायनॅमोवाली. हिला लिथियम मिळेल का? बॅटरी उतरली की स्पार्कच नाही, दर पावसाळ्यात ढकलत न्यावी लागते.

---

भोसरीकर
मंगळवार, रात्री ८:४५

हिशोब बसतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, दोन लावले की ६.४. पूर्ण भरताना ७.२-७.३ लागतात. अडचण कटआउटची आहे, म्हणजे डायनॅमोच्या जुन्या यांत्रिक रेग्युलेटरची. तुमचा कटआउट स्प्रिंग आणि पट्टीचा, पन्नास वर्षांत स्प्रिंग सैल झालेली, कोणीतरी कधीतरी वाकवून सेट केलेली. तो आज ७ देईल आणि उद्या ८. लीड बॅटरी चालवून घेते, लिथियम नाही. आधी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा, मग बोलू. तोपर्यंत ६ व्होल्टची सीलबंद लीड बॅटरी आणि पंधरा दिवसांतून एकदा छोट्या चार्जरवर. तुमचा पावसाळ्याचा त्रास तेवढ्यानेच जाईल.

आणि कोणाकडे जुनी ट्रायम्फ, बीएसए असेल तर: त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस चासीला जोडलेलं असतं. लीड बॅटरी उलटी लावली तर एखादा डायोड जातो. लिथियम उलटी लावली तर बीएमएस जागच्या जागी जातो. वायरच्या रंगावर विसंबू नका, चासीला कुठलं टोक गेलंय ते बघा.

---

नवा_गडी
बुधवार, दुपारी ४:१०

माझ्याकडे आरएक्स १०० आहे. एका ओळखीच्या मुलाने १८६५० चे तीन सेल जोडून बॅटरी करून दिली आहे, लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल. चारशे रुपयांत काम झालं. बीएमएस नाही पण गाडी मस्त चालते. हेच बुलेटला का नको?

---

भोसरीकर
बुधवार, सायंकाळी ६:३०

नवा गडी, कळकळीने सांगते, ती बॅटरी आज रात्रीच गाडीतून काढ. आणि घरात नको, मोकळ्या जागी ठेव.

"लिथियम" म्हणून सगळे एकाच नावाने बोलतात, पण आत वेगवेगळं रसायन असतं. लॅपटॉपचे सेल ३.६-३.७ व्होल्टचे, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन जोडले की पूर्ण भरलेले १२.६. तुझी गाडी त्यांना १४ च्या आसपास देते. प्रत्येक सेलवर साडेचारपेक्षा जास्त, आणि थांबवायला बीएमएस नाही. असा सेल फुगतो, तापतो, आणि एकदा आतून पेटला की पाणी ओतूनही सहज विझत नाही. त्यावर टाकी आणि टाकीत पेट्रोल. चार सेल लावून १४.८ करू म्हणशील तर ते गाडीच्या चार्जिंगवर कधी पूर्ण भरणार नाहीत. १२ व्होल्टच्या गाडीशी ह्या सेलचं गणितच जुळत नाही.

मोटरसायकलसाठी जी योग्य ती लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. ३.२ चे चार, १२.८. पूर्ण भरायला १४.४ ते १४.६, म्हणजे निरोगी रेग्युलेटर जे देतो तेच. जुन्या गाडीच्या चार्जिंगशी जुळून येणारं लिथियम एवढंच. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलं आणि त्या कामात पाढी हे भारतीय संशोधक पुढे होते. ते तापण्याच्या बाबतीत बरंच शांत आहे. अजिबात पेटत नाही असं नाही, पण लॅपटॉपच्या सेलच्या तुलनेत खूप सोशिक.

तुझ्या गाडीचं आणखी एक. आरएक्सला सीडीआय (पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, स्पार्क मॅग्नेटवरून येतो. बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइटपुरती. एवढ्यासाठी छोटी लीड बॅटरी पुष्कळ झाली.

---

नवा_गडी
बुधवार, रात्री ९:१५

काढली ताई. मधला सेल थोडा फुगलेला होता, वरचं प्लॅस्टिक ताणलेलं. गच्चीवर मातीच्या कुंडीत ठेवली आहे. आभारी आहे.

---

भोसरीकर
बुधवार, रात्री ९:३०

छान केलंस. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव, कोणाला हात लावू देऊ नकोस, भंगारवाल्याला अजिबात देऊ नकोस. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचव आणि देताना सेल फुगलाय हे सांग.

---

सदाशिव_किक
शनिवार, सायंकाळी ७:००

कामाचा अहवाल.

रेग्युलेटर सोडवला तर ताई म्हणाल्या तसंच, मागे पावडर कोटिंग जसंच्या तसं, बोल्ट नुसता रंगावर आवळलेला. तिथली जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, वेगळी अर्थ वायर ओढली. आता अर्थचा फरक ०.०२. पण चार्जिंग पुन्हा १५.९ च. म्हणजे युनिटच गेलेलं. गाडी करताना ज्यांनी वायरिंग केलं त्यांनी बिलात नवीन म्हणून लावलेलं हे युनिट, त्यावर ना नाव ना नंबर. तेव्हा मीही बघितलं नाही.

नाना पेठेत तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी जुनं युनिट हातात घेऊन नुसतं तोललं आणि म्हणाले, "आत काही नाहीये ह्यात." नवीन घेतलं. ते खरंच दुप्पट जड आहे.

आकडे: बंद १२.५, आयडल १३.०, वर १४.३. हेडलाइट लावून १४.१. चार वेळा मोजलं.

आता बॅटरी. असलेली उकळून उकळून संपलीच आहे, हॉर्न पिचका वाजतो. नवीन घ्यायची आहेच. कास्टआयर्न काकांचं म्हणणं पटतं. तरी विचारतो, आता १४.३ वर लिथियम चालेल ना?

---

कास्टआयर्न
रविवार, सकाळी ६:१५

१४.३ ऐकून बरं वाटलं. आता तुमची व्हीआरएलए चार-पाच वर्षं सहज जाईल. माझं मत तेच. गाडी चंद्रपूरला बंद पडली तरी तिथे व्हीआरएलए मिळेल.

---

भोसरीकर
रविवार, सकाळी १०:५०

चालेल. काकांचं मतही चूक नाही. ठरवताना ह्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा.

लिथियमवर "१२ एएच" छापलेलं असेल तर नीट वाचा. बऱ्याचदा तो लीडच्या तुलनेतला आकडा असतो, आत खरे ४ एएच असतात. ढकलगाडी नाही करायची तर वॉट-अवर बघा: ४ एएच गुणिले १२.८, म्हणजे साधारण ५१. तो आकडा लपवता येत नाही. लीड बॅटरी अर्ध्याखाली उतरवत राहिलात तर आयुष्य घटतं, लिथियम बरीच खालपर्यंत वापरता येते, म्हणून तुमच्या ९ एएचच्या जागी खरे ४ एएच किकच्या गाडीला पुरतात.

पण चावी चालू राहिली तर? पॉइंट एकमेकांना टेकलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइल तीन-चार अँपिअर ओढत राहते. ४ एएचची बॅटरी तासा-सव्वा तासात रिकामी. लीड असती तर रडत रडत काहीतरी देते, ढकलून गाडी सुरू होते. लिथियमचा बीएमएस खालच्या हद्दीला दार लावून घेतो आणि टर्मिनलवर शून्य दिसतं. तेव्हा धक्का मारूनही स्पार्क मिळेलच असं नाही. बाबा चावी काढून ठेवतात का, हे खरंच महत्त्वाचं आहे.

मीटरचे आकडे नव्याने शिकावे लागतील. लीडला १२.६ म्हणजे भरलेली. लिथियमला १२.६ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली लिथियम विश्रांतीत १३.३ च्या आसपास दाखवते आणि मग बराच काळ १३.२ वरच राहते, त्यामुळे मधे किती उरलीय ते व्होल्टेजवरून नीट कळत नाही.

चार्जर साध्या लीडचा वापरू नका. त्यातले काही "सल्फेट काढायला" १५ च्या वर झटके देतात, लिथियमला ते विष आहे.

आणि फ्यूज. शॉर्ट झाला तर लिथियम एका क्षणात शेकडो अँपिअर देते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

---

लेहची_वाट
रविवार, दुपारी ३:३०

ताई, मी सप्टेंबर अखेरीस लेहला नेतोय गाडी, लिथियमच आहे. थंडीचं काय?

---

भोसरीकर
रविवार, रात्री ८:२०

पुण्याच्या डिसेंबरात पहाटे आठ-दहा अंश असतात, तेव्हा सेल्फ पहिल्या दाबाला जरा जड वाटेल. मिनिटभर हेडलाइट लावला की सेल आतून गरम होतात, दुसऱ्या दाबाला सुरू. शून्याखाली मात्र वेगळं आहे. गोठलेला एलएफपी सेल डिस्चार्ज होऊ शकतो, पण त्याला चार्ज करू नये, आत लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. वाटेत सरचू, पांग भागात रात्री मुक्काम असेल तर बॅटरी काढून खोलीत उशाशी घ्या. एक किलोचीच तर आहे. सकाळी गरम बॅटरी लावायची.

---

सदाशिव_किक
ऑक्टोबर, रविवार, सकाळी ११:४५

मंडळी, पाच महिन्यांनी धागा वर काढतोय.

लिथियम टाकली. एलएफपी, खरे ४ एएच, बीएमएससह. काकांचं ऐकलं नाही त्याचं कारण सांगतो. जूनमध्ये बाबांचा गुडघा दुखावला आणि गाडी सात आठवडे झाकून ठेवावी लागणार होती. अ‍ॅसिडवाली बॅटरी दर पावसाळ्यात अशीच मेलेली. ही आपोआप फारशी उतरत नाही असं वाचलं, आणि ते खरं निघालं. झाकताना १३.२९, सात आठवड्यांनी १३.२७. मायनसची वायर काढून ठेवली होती.

बॅटरी डब्यापेक्षा निम्मी आहे, सुटी ठेवली असती तर आपटून आपटून टर्मिनल तुटलं असतं. जुन्या ट्यूबचे पट्टे कापून चारी बाजूंनी घट्ट बसवली, वरून मूळचाच पट्टा. डब्याचा तळ कापून नवीन पत्रा लावला, आता तिथे अ‍ॅसिडचा थेंब पडणार नाही. फ्यूज प्लसला लागूनच. टेललाइटचा बल्ब मे महिन्यापासून तोच आहे.

आज गुडघा बरा झाल्यावर बाबांची पहिली रविवारची फेरी. मी बाजूला उभा होतो. त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला, चावी फिरवली, आणि किकवर पाय ठेवून नेहमीसारखं हळू दाबत नेलं. काटा मायनसला पडला, मग टचकन मध्यात आला. तिथे थांबले. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडणारा खटका) ओढला, इंचभर पुढे, किक वर, आणि एक किक. सुरू. मग ते निघालेच नाहीत, मान खाली घालून मीटर बघत बसले. काटा प्लसला गेला आणि मिनिटाभरात परतू लागला. मला हाक मारून म्हणाले, "लवकर येतोय रे मधे." मी म्हटलं, बाबा, ही बॅटरी चार्ज भराभर घेते. "बरं," म्हणाले, "आता मला काटा पुन्हा शिकला पाहिजे."

आणि हो, परत आल्यावर चावी काढून खुंटीला लावतात, ती सवय तीस वर्षांची आहे.

---

ताम्हिणी_रायडर
रविवार, दुपारी १२:३०

वाचून फार बरं वाटलं. मीही युनिट बदललं आहे, आता १४.२. हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावला आहे, रात्री घाटात शिरायच्या आधी एकदा बघतो.

---

येझदीवाला
रविवार, दुपारी १:१०

इलेक्ट्रॉनिक कटआउट बसवला, बॅटरी सीलबंद लीडच ठेवली. ह्या पावसाळ्यात एकदाही ढकलली नाही. सदाशिव, जुनी अ‍ॅसिडवाली कुठे दिलीत?

---

सदाशिव_किक
रविवार, दुपारी १:४०

नाना पेठेतच, बॅटरीच्या दुकानात. वजनावर पैसे दिले. लिथियम संपेल तेव्हाचंही घेतानाच विचारून ठेवलं आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेऊन मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून बिल आणि खोका दोन्ही जपून ठेवलेत.

---

कास्टआयर्न
रविवार, सायंकाळी ५:५५

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन खडकवासल्याच्या चौपाटीवर या. साडेसातला मी तिथे असतो, हिरवी बुलेट. काटा किती लवकर मधे येतो ते मला बघायचं आहे. मल्टिमीटरही आणा, माझीही एकदा मोजून घेऊ.

---

सदाशिव_किक
रविवार, सायंकाळी ६:२०

नक्की येतो काका. गाडी बाबाच चालवतील, मी मागे बसेन.